मान वळवायचा नियम

नोंदणी विभागातला संगणक मावशीचा पासवर्ड सकाळी नाकारत असे आणि दुपारी स्वीकारत असे. पासवर्ड तोच, कीबोर्ड तोच, बोटेही तीच. सकाळी मावशीने हात टेकून भाचीला बोलावले आणि भाचीने तोच पासवर्ड त्याच कीबोर्डवर टाकला, की संगणक मुकाट उघडत असे. सोमवारी अशा अकरा सकाळी पूर्ण झाल्या.

भाचीने त्या अकराही वहीत नोंदवल्या होत्या: तारीख, वेळ, पासवर्ड टाकणारी व्यक्ती, निकाल. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती पहिल्या मजल्यावर विश्लेषक होती. कोणी काहीही सांगितले, अगदी बाहेर ऊन पडले आहे असे सांगितले, तरी तिचा पहिला शब्द "पुरावा?" असा असे. त्यामुळे सगळे तिला पुरावाबाई म्हणत. या नावाचा तिला राग येत नसे, कारण ते निरीक्षणावर आधारलेले होते.

मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. तळमजल्यावर नोंदणीच्या टेबलाशी तिची एकतीस वर्षे गेली होती. पाण्याची बाटली येई, बाटलीबरोबर चिठ्ठी येई, आणि चिठ्ठीवरचे आकडे मावशी यंत्रात उतरवी. डोळे कागदावर, उजवा हात आपल्या कामावर; हाताने डोळ्यांना काही विचारायची पद्धत तिथे नव्हती. तिच्या नोंदीत चूक सापडली तर बक्षीस देईन, असे साहेबांनी एकदा गमतीने जाहीर केले होते. ते बक्षीस अजून साहेबांकडेच होते.

शिकायला आलेली भाची मावशीकडे राहिली ती राहिलीच. दोघी एकाच घरातून निघत, एकाच दारातून प्रयोगशाळेत शिरत, आणि दार ओलांडले की मावशी तिला "मॅडम" म्हणू लागे. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचे पृथक्करण पुरावाबाईला कधी जमले नाही.

सगळी भानगड सुरू झाली ती महिन्यापूर्वी. प्रयोगशाळेतल्या सातही संगणकांची जुनी प्रणाली कालबाह्य ठरली. बनवणाऱ्यांनी तिची डागडुजी थांबवली आणि नवे संगणक मागणारे पत्र वरून नकार घेऊन परत आले. तेव्हा पुरावाबाईने साहेबांना सुचवले की, याच यंत्रांवर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकू. ती मोफत आहे, जुन्या यंत्रावरही चालते. साहेब म्हणाले, "टाका. पण शिकवायचंही तुम्हीच. कोणी रडत माझ्याकडे आलं तर मी तुमच्याकडे पाठवणार."

तिने बाटल्यांच्या खोलीत तीन दुपारी वर्ग घेतला. सात माणसे, सात संगणक. पहिल्याच दुपारी भांडारपालाने तोंड उघडले.

"पुरावाबाई, फुकट आहे म्हणता. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारू नये म्हणतात. पण मी विचारतो. दात आहेत का?"

"स्वतः मोजा," ती म्हणाली. "हाच तर मुद्दा आहे. आपली क्लोराइड काढायची पद्धत भिंतीवर टांगलेली आहे ना? कोणीही वाचावी, करून बघावी, चूक असेल तर दाखवावी. पद्धत लपवून नुसता निकाल दिला, तर आपण तो मानतो का?"

"नाही बुवा."

"ही प्रणाली तशी आहे. तिची सगळी रीत उघडी आहे. जगातली हजारो माणसं ती वाचतात आणि दुरुस्त करतात. आतापर्यंत आपण जी वापरत होतो, तिचं झाकण आपल्याला उघडता येत नव्हतं."

"म्हणजे बिघडलं तर उघडून बघता येईल?"

"बघता येईल."

"आणि कळलं नाही तर?"

"तर निदान ते आपल्याला कळलं नाही, एवढं तरी कळेल."

भांडारपालाला हे उत्तर फारसे समाधानकारक वाटले नाही, पण त्याने ते मान्य केले. त्याचे लक्ष वेगळ्याच कामात होते. यंत्रांची जागा हलली म्हणून तो प्रत्येक वस्तूवर नव्या साठा-क्रमांकाची पट्टी चिकटवत होता. कीबोर्डवर मोकळी जागा फक्त वर उजव्या कोपऱ्यात असते. त्याने सातही पट्ट्या तिथे, रेषेत आणि एकाच उंचीवर चिकटवल्या. असल्या कामात तो कलावंत होता.

दुसऱ्या दुपारी पुरावाबाईने पासवर्डचे नियम सांगितले. पासवर्डमध्ये निदान चार आकडे हवेत. तो कोणाला सांगायचा नाही. आणि शेजारी पासवर्ड टाकत असेल तर मान वळवायची. हा शेवटचा नियम तिने सरावासह शिकवला. एकेकाने पासवर्ड टाकायचा आणि बाकी सहा जणांनी खिडकीकडे पाहायचे.

"मान मुरगळली तर रजा मिळेल का?" भांडारपालाने खिडकीकडे बघत विचारले.

"पुरावा द्यावा लागेल," मावशी म्हणाली, आणि सगळे हसले.

त्याच वर्गात मावशीला एक अडचण आली होती. ती उजव्या हाताने आकडे टाकू लागली आणि आकड्यांऐवजी कर्सरच उड्या मारू लागला. पुरावाबाईने सेटिंगमध्ये शोधून एका चौकोनात बरोबरची खूण केली, संगणक सुरू झाल्यावर आकडे आपोआप चालू राहतील अशी व्यवस्था केली, आणि मावशीचा हात पुन्हा पहिल्यासारखा पळू लागला. पुरावाबाईने वहीतला तो मुद्दा काट मारून निकालात काढला. काट मारलेल्या मुद्द्याकडे ती सहसा परत जात नसे. शिस्तीच्या माणसाला एवढा आळस परवडतो, असा तिचा समज होता.

आणि मग या अकरा सकाळी.

पहिल्या दोन सकाळी सगळे हसले. तिसऱ्या सकाळी, रोज कानात सांगायला नको म्हणून, मावशीने पासवर्ड चिठ्ठीवर लिहून भाचीच्या हातात दिला. नियम मोडला म्हणून भाची कुरकुरली, पण चिठ्ठी तिने एप्रनच्या खिशात ठेवली. पाच अक्षरे आणि त्यांच्यापुढे चार आकडे. कोणते, ते इथे सांगण्याचे कारण नाही. चौथ्या सकाळी भाचीने दुसऱ्या संगणकाचा कीबोर्ड आणून लावला. पाचव्या सकाळी मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली नाही ना, ते पाहिले. सहाव्या सकाळी भाषेची सेटिंग तपासली. सातव्या सकाळी मावशीला भरपेट न्याहारी करायला लावली, कारण रक्तातली साखर हेही एक गृहीतक होते. काही फरक पडला नाही. दुपारच्या सुट्टीनंतर कुलूप लागलेला पडदा मात्र मावशी एका दमात उघडी. कोऱ्या पानावर तोच पासवर्ड दहा वेळा टाकायला सांगितला, तर दहाही वेळा अचूक.

"कुठेतरी पाणी मुरतंय," भांडारपाल म्हणाला.

"ते मलाही कळतंय," पुरावाबाई म्हणाली. "कुठे, ते सांगा."

अकराव्या दिवशी घरी आल्यावर मावशी कपड्यांच्या घड्या घालत बसली. पुरावाबाई पाणी प्यायला उठली आणि दाराआड थबकली. मावशी पुटपुटत होती.

"शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर..."

ही उजळणी कशाची आहे ते पुरावाबाईला ठाऊक होते. आजीला डॉक्टरांनी हेच विचारले होते: शंभरातून सात वजा करत जा. आजी शहाऐंशीवर थांबली होती आणि डॉक्टरांकडे पाहून गोड हसली होती. पुरावाबाईही दाराआड मनातल्या मनात वजाबाकी करू लागली. पासष्ट. अठ्ठावन्न. मावशी एक्कावन्नवर जराशी अडली. मग मावशी पुढे गेली.

"मावशी, हे काय चाललंय?"

"हिशेब."

"कसला?"

मावशीने हातातला टॉवेल नीट चौकोनी केला. "आजीचं कसं सुरू झालं, आठवतं? सकाळी मला विचारायची, बाई, तुम्ही कोण? आणि दुपारी चहाला नावानं हाक मारायची. सकाळी नाही, दुपारी हो. सहा वर्षं मी ते बघितलंय. तू अभ्यासात होतीस."

"एका लक्षणावरून निदान होत नाही, मावशी."

"एका? अकरा कोणी मोजली? तूच ना?"

पुरावाबाई तिच्याशेजारी बसली. "डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे गेलं की कागदावर येतं. कागदावर आलं की कायम होतं." मावशीने उशीखालून एक कागद काढला. मोत्यासारख्या अक्षरांत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिलेला होता. "शुक्रवारी साहेबांना देणार आहे. माझ्या हातून एक जरी आकडा चुकला, तर कुठल्या तरी गावाला खराब पाणी चांगलं म्हणून जाईल. त्याआधी उठलेलं बरं."

"मावशी, तू..."

"आणि तिथे रोज सकाळी सगळ्यांदेखत दाराशी उभं राहून तुझी वाट बघायची, हे मला नको झालंय गं."

मंगळवारी पुरावाबाईचे कामात लक्ष लागेना. क्लोराइडच्या तपासणीत पिवळे द्रावण जेमतेम विटकरी झाले की थांबायचे असते; तिने तीनदा ते पार लाल होऊ दिले. उठून खिडकीशी जायचे, परत यायचे, वही उघडायची, मिटायची. ती स्वतःला टोचून विचारत होती: आपण मावशीच्या बाजूने पुरावा शोधतो आहोत, की जे आहे ते शोधतो आहोत? आजी, मग मावशी. आणि मावशीनंतर रांगेत कोण, हा प्रश्न तिने वहीत लिहिला नाही. बाराव्या सकाळीही नकारच आला. तिने नोंद केली. आपले अक्षर वाकडे आल्याचे तिच्या लक्षात आले.

बुधवारी तेरावी नोंद करताना ती वहीच्या रकान्यांकडे पाहत राहिली. वेळ: सकाळ, सकाळ, सकाळ. पण सकाळी आणखी एक गोष्ट होते. सकाळी संगणक बंद असतो आणि तो सुरू करावा लागतो. दुपारी तो सुरूच असतो. नुसते कुलूप लागलेले असते. दोन कारणे तेरा दिवस एकमेकांच्या आड उभी होती आणि तिने त्यांना एकदाही वेगळे केले नव्हते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे केले असते, तर तिने त्याला वर्गाबाहेर काढले असते.

दुपारी अडीच वाजता ती धावतच खाली आली. "मावशी, नोंदी साठवल्यास? कॉम्प्युटर बंद करून परत सुरू कर."

"आत्ता? मॅडम, दुपार आहे. दुपारी तो शहाण्यासारखा वागतो."

"म्हणूनच."

संगणक बंद झाला, सुरू झाला. पुरावाबाईने नियमाप्रमाणे मान वळवली. मागे कळांची टकटक झाली, आणि मग मावशीचा श्वास.

"नाही म्हणतो."

"हो ना!" पुरावाबाईने टाळीच वाजवली. "मावशी, दुपारी नाकारला! म्हणजे सकाळचा काही संबंधच नाही! म्हणजे..."

ती वळली आणि टाळी तिथेच विरली. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे आता दुपारीही जातंय माझं," मावशी म्हणाली. तिने ड्रॉवरमधून अर्ज काढला. घडी घालून तो तिने बरोबर आणला होता. "शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं? साहेब आहेत का वर?"

"मीटिंगमध्ये आहेत," दारातून भांडारपाल म्हणाला. "चारला सुटतील. का हो?"

"काही नाही. कागद द्यायचाय."

घड्याळात दोन चाळीस झाले होते. पुरावाबाई टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझारा घालू लागली. संगणक सुरू होतो. पासवर्ड मागणारे दार दिसते. दाराच्या आत सगळे ठीक, दाराशी बिघाड. पण दार तिला उघडते आणि मावशीला नाही. मग तिच्या आणि मावशीच्या हातांत फरक काय? घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे?

"मावशी, परत टाक."

"पुरे आता."

"एकदाच. शेवटचं. मग मी स्वतः तुझ्याबरोबर वर येते."

मावशी बसली. पुरावाबाईने मान वळवली.

"अगं, चिठ्ठी तुझ्याच खिशात आहे!" मावशी एकदम भडकली. तेरा दिवसांचे सगळे त्या आवाजात होते. "पासवर्ड तुला पाठ, रोज सकाळी तूच तो टाकतेस, आणि मी टाकायला बसले की खिडकीकडे बघतेस! कोणापासून लपवतेस? चोर कोण आहे इथे? का मावशीची फजिती बघवत नाही तुला?"

पुरावाबाई तशीच, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तेरा नोंदी. टाकणारी व्यक्ती: मावशी. निकाल: नकार. आणि त्यातली एकही तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सगळ्या ऐकीव होत्या. आयुष्यभर ती लोकांकडे पुरावा मागत आली होती, आणि इथे तिने पुराव्याकडेच पाठ फिरवली होती; तेही स्वतः केलेल्या नियमामुळे.

ती हळूच वळली. "मावशी, मी आता मान वळवणार नाही. तू नेहमीसारखं टाक. सावकाश नको. नेहमीसारखं."

मावशीने तिच्या खिशातली चिठ्ठी काढून समोर ठेवली. नजर चिठ्ठीवर. डाव्या-उजव्या बोटांनी पाच अक्षरे टाकली. पडद्यावर पाच ठिपके उमटले. मग उजवा हात, डोळ्यांना न विचारता, एकतीस वर्षांच्या सवयीने उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावर झेपावला आणि चार कळा अचूक दाबून परत आला.

पडद्यावर पाचच ठिपके होते.

"थांब," पुरावाबाई म्हणाली. "काहीही दाबू नकोस."

ती स्वतः आकडे अक्षरांच्या वरच्या ओळीतून टाकत असे. वरच्या मजल्यावरच्या तिच्या लहान संगणकाला तो उजवा चौकोन नव्हताच. हात लांब करून तिने कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी नखाने उचकटली.

"अहो! साठा-क्रमांक आहे तो!" भांडारपाल ओरडला.

पट्टीखाली तीन बारीक दिवे होते. तिन्ही विझलेले. पुरावाबाईने चौकोनाच्या डोक्यावरची कळ एकदा दाबली. पहिला दिवा लागला.

"आता टाक."

मावशीने टाकला. नऊ ठिपके उमटले. संगणक उघडला.

मग मावशीने संगणक बंद केला, सुरू केला, कळ दाबली, पासवर्ड टाकला. उघडला. परत बंद केला, सुरू केला, या वेळी कळ न दाबता टाकला. नाकारला. तिसऱ्यांदा कळ दाबून टाकला. उघडला.

"दोनदा होकार, एकदा नकार," मावशी म्हणाली. "पुरेसा पुरावा आहे का, मॅडम?"

"आहे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," भांडारपाल म्हणाला. "आणि पट्ट्या काय मी आणखी कुठे लावायला हव्या होत्या?"

"पालथ्या बाजूला," दोघी एकदमच म्हणाल्या.

चार वाजता साहेबांची मीटिंग सुटली. मावशी वर गेली नाही. पुरावाबाईने प्रवेश-पडद्याच्या व्यवस्थेची फाइल उघडली. ती वाचता येत होती, म्हणून कमी काय आहे तेही दिसले. तिने एक ओळ घातली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पडदा येताच तो बारीक दिवा आपला आपण लागला. बाकीच्या सहा यंत्रांतही तिने तीच ओळ घातली.

"वहीत लिही हे," मावशी म्हणाली.

"वही वर राहिली."

मावशीने अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन उघडले. "सांग. मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे."

पुरावाबाईने सांगितले आणि मावशीने लिहिले. शेवटचे वाक्य मात्र मावशीने न विचारता घातले, आणि पुरावाबाईने वाचून त्याखाली सही केली.

"कारण: संगणक सुरू होताना उजवीकडच्या चौकोनातले आकडे बंद असत. त्या कळा दाबल्या तरी पासवर्डमध्ये आकडे जात नसत, फक्त कर्सर हलत असे. आत शिरल्यावर आकडे आपोआप चालू होत, कारण तशी व्यवस्था वर्गाच्या दिवशी केली होती. ती दाराच्या आत लागू होती, दाराशी नव्हती. आकडे चालू की बंद हे सांगणारा दिवा पट्टीखाली झाकला गेला होता. नोंदणी विभाग आकडे त्या चौकोनातून टाकतो, बाकी सगळे वरच्या ओळीतून, म्हणून नकार फक्त नोंदणी विभागाला मिळाला. टाकणाऱ्या व्यक्तीच्या स्मरणशक्तीत दोष आढळला नाही. कारण सापडायला तेरा दिवस लागले, कारण पाहणारी व्यक्ती दर वेळी खिडकीकडे पाहत होती."